दांडा नसलेली सायकल

डिसेंबरचा दुसरा रविवार. हजर: मी, माझा नवरा सुधीर, आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानाबाहेर एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या, अंगावरचं प्लॅस्टिकही न काढलेल्या सायकली. कोवळ्या उन्हानं त्यांचं नवं रबर तापायला लागलं होतं. मी सगळं घरूनच ठरवून आले होते. थंडीत रोज पहाटे चालवायची आहे; म्हणून गिअर नकोत, साखळीवर पूर्ण झाकण हवं, टायर काट्यांना दाद न देणारे जाड हवेत, सारखी दुरुस्ती नको आणि किंमत आवाक्यातली. अर्ध्या तासाचं काम. पण तो रबराचा उग्र, किंचित गोडसर वास नाकात शिरला आणि…

आणि मी आठवीत जाऊन पोचले. पडेगाव तेव्हा खेडंच होतं. हिवाळ्यात ज्वारीच्या पानांवरून दव ओघळायचं, शेकोट्यांचा धूर जमिनीलगतच रेंगाळायचा, आणि बाटलीत गोठलेलं खोबरेल आई चुलीच्या कडेला ठेवून पातळ करायची. तिच्या बोटांची ऊब वेणीत शाळेपर्यंत टिकायची. शाळा शहरात, मुलींची, सातला भरणारी. तिथं प्रयोगशाळा होती — स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत, काचेची चंचुपात्रं, आणि ती आम्हाला हातात घेऊ देणाऱ्या बाई. मला त्या शाळेतून हलायचं नव्हतं. पण बस एक तर भरून यायची, नाहीतर थांबायचीच नाही. रोज उशीर होऊ लागला तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निकाल दिला: सायकल घेऊ; तरीही उशीर झाला तर गावातल्या शाळेत नाव घालायचं.

कोणती घ्यायची यावर ओसरीत बैठक झाली. एरवी अण्णांपुढं मोजकंच बोलणारी आई त्या दिवशी हट्टाला पेटली. स्कर्ट अडकतो, ती म्हणाली, दांडा नसलेलीच आणा. धाकटे बापूकाका डेअरीला दूध घालत, ते हसले. "वहिनी, लेडीज आणली तर म्या काय तिच्यावर बसून डेरीला जाऊ? गाव हसंल की." अण्णांचंही म्हणणं तेच. लेडीज सायकल पोरीच्या लग्नापर्यंतची, जेंट्स सगळ्यांच्या उपयोगाची, शिवाय भक्कम. पोरीसाठी घेतली तरी सायकल घरचीच राहील, ते म्हणाले.

'घरची'… केवढा प्रेमळ शब्द. सायकल आली, काळी, तेलाच्या वासाची, हँडलला लिंबू-मिरची बांधलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे ती घरात नसायची. "आलोच बग, तू येणी घाल तवर," असं म्हणून बापूकाका कॅन लटकवून निघत, आणि डेअरीवर रांग असे. मी दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभी. वारा मोज्यांतून आत शिरायचा, बोटं बधिर व्हायची, रस्ता पांढुरका दिसायला लागायचा आणि दुरून येणारी प्रत्येक सायकल आमचीच वाटायची. मग दुधाच्या ओशट वासाचं हँडल हाती यायचं आणि मी दांड्याखालून पाय घालून, अर्धं अर्धं पायडल मारत छावणीच्या रस्त्यानं जीव तोडून निघायचे. शाळेचं दार बहुतेक वेळा लागलेलंच असे. काका वाईट नव्हते. डेअरीही बंद ठेवता येत नव्हती. राग कुणावर काढावा हेच कळायचं नाही.

संक्रांत झाली आणि माझं नाव गावातल्या शाळेत गेलं. तिथं चंचुपात्र खडूनं फळ्यावर काढत. दाखला आणला त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता, मान वर न करता आई म्हणाली, "दांडा नसता ना, तर एकाबी गड्यानं हात लावला नसता तिला."

स्कर्टचा प्रश्न कधी नव्हताच.

दुकानदार आत्ता मोठ्या फ्रेमची पुढं काढत होता. सीट खालीवर होते, सुधीर खुशीत म्हणाला, तू, मी, आपला चिन्मय, सगळ्यांना चालेल. "घर में सब्बी चला लेते, मॅडम," दुकानदारानं री ओढली. मला लहान फ्रेमची हवी होती. ती मागवावी लागणार होती. मी तसं सांगितलं.

"फक्त तुझ्यासाठी?" सुधीरनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं. म्हणून जास्त लागलं.

आता सायकलींत बाई-पुरुष असा भेद उरलेला नाही. कुठलीही सायकल चालवायला कुणी लाजत नाही, गाव हसत नाही. चांगलंच झालं. फक्त आईची ती युक्ती त्याबरोबर गेली, आणि नवी सुचवायला आई नाही.

मी समोरून भाजी घेऊन येईपर्यंत सुधीरनं मोठ्या फ्रेमची नोंद करून टाकली होती; साखळीला पूर्ण झाकण असलेली दोन आठवड्यांत येणार होती. मला आनंद होईल असं त्याला मनापासून वाटलं होतं. या गोष्टीला आठवडा होत आला. थंडी ऐन भरात आहे, पहाटे जाग येते, आणि ती नोंद रद्द करायचा फोन मी अजून केलेला नाही.