पाय किती जातो?

डोंगराच्या पायथ्याशी जिथे बस संपते आणि पायवाट सुरू होते, तिथल्या बसस्थानकात दोन खिडक्या होत्या. एका खिडकीत तिकिटं मिळायची आणि दुसरीत बोलणी. बोलणी देणाऱ्या त्या बर्फवाल्या बाई.

उगीच नाही हं बोलायच्या. वरची खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं म्हणजे चार-पाच दिवसांची चाल. वाटेत मुक्कामाला दगडी निवारे आणि प्रत्येक निवाऱ्यावर एक राखणदार. रोज सकाळी या सगळ्यांशी वायरलेसवर बोलायचं, वरच्या वाटेची खबर घ्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जा किंवा थांबा सांगायचं, ही बाईंची नोकरी. कुणी नवे कोरे बूट घालून ऐटीत विचारलं, “काय बाई, वाट उघडली का?” की बाई चष्म्यावरून आधी त्या बुटांकडे बघायच्या आणि मग म्हणायच्या, “वाट म्हणजे काय दुकान आहे, उघडायला?”

 मग बाई शांतपणे सगळं समजावून द्यायच्या. वर चहाही पाजायच्या. तोंड फाटकं, पण मन मोठं, असं तिकीटवाला म्हणायचा, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

बाईंची विचारायची पद्धतही त्यांचीच. बर्फ किती आहे, असं त्या कधी विचारत नसत. त्याला काय, जो तो आपल्या मनाने सांगतो. “पाय किती जातो?” हा त्यांचा प्रश्न. घोटा, पोटरी, गुडघा की मांडी, एवढंच सांगायचं. आणि लगेच दुसरा प्रश्न, “सकाळचा पाय की दुपारचा?” कारण पहाटे जे बर्फ फरशीसारखं टणक असतं, तेच उन्हं चढली की माणसाला गुडघ्यापर्यंत गिळतं. ज्याने स्वतः पाय घातला नाही, त्याचं उत्तर बाई धरतच नसत.

बहुतेक राखणदारांचं पोट पाहुण्यांवर. त्यामुळे विचारलं की उत्तर ठरलेलं, “येऊ द्या हो, काही नाही होत!” त्यातून खरं किती आणि खोटं किती, हे निवडता निवडता बाईंच्या नाकी नऊ यायचे. अपवाद एकच. खिंडीच्या अगदी खालचा, सगळ्यांत उंचावरचा निवारा. तिथला राखणदार स्वतःच्या खाटा रिकाम्या ठेवून सांगायचा, “आज नको.” लोकांनी त्याचं नाव नको-भाऊ पाडलं होतं. त्याने नको म्हटलं की बाई डोळे मिटून नको म्हणायच्या आणि त्याने हो म्हटलं की हो. एवढ्या वर्षांत या खिडकीतून निघालेला एकही माणूस खिंडीत अडकला नाही. बाईंना रात्री स्वस्थ झोप लागायची, ती या माणसाच्या जिवावर.

आणि गंमत बघा, या नको-भाऊंना बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं! तो पलीकडच्या खोऱ्यातला. मोसम सुरू झाला की तिकडून वर चढायचा, संपला की तिकडेच उतरायचा. बाईंना वर जायचं होतं, पण आधी लेकरं लहान, मग यजमानांचं आजारपण, मग उजवा गुडघा. राहिलं ते राहिलंच.

यजमान गेले त्या वर्षीची गोष्ट. बाई पुन्हा कामावर आल्या, वायरलेसचं बटण दाबलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. पलीकडे भाऊंना कुणीतरी सांगितलेलं असावं. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. “ताई, तुम्ही नुसतं ऐका,” म्हणाले आणि वाटेची खबर सांगायला लागले. नेहमी चार वाक्यांत संपायची, ती त्या दिवशी संपेचना. कुठल्या घळीत बर्फ फाटलंय, कुठल्या दगडाखालून पाणी वाहतंय, उन्हाकडच्या उतारावर गवत कसं डोकं काढतंय, सगळं सांगत राहिले. शेवटी बाईंना “बरं” एवढं म्हणता आलं, तेव्हा कुठे ते थांबले. बाई घरी येऊन नणंदेला म्हणाल्या, “वन्सं, आज त्या माणसाने मला सावरलं हो.”

हे त्यांनी भाऊंना मात्र कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? सगळ्या निवाऱ्यांना वायरलेस एकच. एक बोलला की बाकीचे कान टवकारून बसलेले. तिथे मनातलं बोलायचं म्हणजे चौकात उभं राहून बोलण्यासारखंच.

आणि यंदा मोसमाच्या सुरुवातीलाच भाऊ म्हणाले, “ताई, माझं आता संपलं बरं का. डोळे दगा देतायत. नवा माणूस पलीकडून निघालाय. तो पोचला की मी खाली उतरणार. लेक न्यायला येतेय, तिच्याकडेच राहायचं. लांब आहे तिचं घर.”

बाई “बरं” म्हणाल्या. पण मनात आलं, ज्याच्यामुळे आपण ताठ मानेने या खिडकीत बसलो, त्याला साधे दोन शब्द न बोलता जाऊ द्यायचं? तो एकदा पलीकडे उतरला की उतरला. संध्याकाळपर्यंत बाईंचं ठरलं. वर जायचं.

घरी वन्संनी कपाळावर हात मारला. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तुझ्यासारखी बाई खिडकीशी आली असती, तर तू जाऊ दिलं असतंस का गं?”

“मुळीच नाही,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“म्हणून तर विचारून जाणार आहे.”

आता विचारायचं कुणाला? वरच्या टप्प्याची खरी खबर देणारा जगात एकच माणूस, आणि भेटायला जायचं तेही त्यालाच. आपण येतोय म्हटलं, तर हा भिडेपोटी हो म्हणेल किंवा काळजीपोटी नको म्हणेल. दोन्ही उत्तरं कुचकामी. बाईंनी युक्ती केली. दुसऱ्या दिवशी वायरलेसवर नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “भाऊ, इथे एक वयस्क बाई आल्यात. उजवा गुडघा अधू. भाचा सोबत आहे. तुमच्यापर्यंत येऊ म्हणतात.”

“नको,” भाऊ म्हणाले. “शेवटच्या घळीत ओढ्यावरचं बर्फ पोकळ झालंय. खालून पाणी खातंय त्याला. काठाला पाय मांडीपर्यंत जातो. धडधाकट माणूस उडी मारून निघेल, त्यांचं काम नाही.”

बाईंनी नकार पचवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा भाऊ वैतागले.

“कोण आहे हो ही बाई? भलतीच हट्टी दिसतेय!”

“आहे खरी,” बाई म्हणाल्या.

“घरचे काही बोलत नाहीत तिला?”

“घरच्यांना ती बोलू देईल तेव्हा ना.”

शेजारच्या खिडकीत तिकीटवाल्याला चहाचा ठसका लागला.  मग भाऊ जरा नरमले. “तिला एवढं कशासाठी यायचंय?”

बाईंनी सांगितलं, “आयुष्यात एकदाच येणार म्हणते. पुन्हा जमायचं नाही.”

“हं,” भाऊ म्हणाले. आणि वायरलेस बंद केला.

ती रात्र बाईंनी कशी काढली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या सकाळी बाईंनी विचारायच्या आधीच भाऊ बोलायला लागले, “ताई, त्या बाईंना पाठवा. घळीत जरा वरच्या अंगाला बर्फ अजून जाड आहे. काल जाऊन काठी खुपसून पाहिली, चार ठिकाणी. तिथे पायऱ्या खोदतो, दोर बांधतो. मधल्या निवाऱ्यातून पहाटे निघा म्हणावं, बर्फ टणक असताना घळ ओलांडली पाहिजे. मी स्वतः घळीपाशी थांबतो. आणि लवकर निघा म्हणावं, नवा माणूस पोचत आलाय.”

एका अनोळखी म्हातारीसाठी अधू डोळ्यांचा हा माणूस घळीत बर्फ खोदणार!  “बरं,” एवढंच बाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. तिकीटवाल्याने मान फिरवली. खिडकी चार दिवस त्याने सांभाळायची आणि भाऊंनी विचारलं तर बाई रजेवर आहेत म्हणायचं, असं त्याने आपणहून कबूल केलं.

भाचा म्हणजे वन्संचा थोरला. भारदस्त मिशा, भारदस्त पोट. चढणीला लागल्यावर मामीच्या गुडघ्यापेक्षा त्याच्या धापेचीच काळजी जास्त. पहिल्या निवाऱ्याच्या राखणदाराने बाईंना ओळखलं आणि डोळे विस्फारले. “म्हणजे ती हट्टी बाई...” बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. या गृहस्थाच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण तो वायरलेसवर चकार शब्द बोलला नाही. मधल्या निवाऱ्यावरच्या जोडप्याने तर बाईंच्या गुडघ्याला शेक दिला, आपली जाड घोंगडी दिली आणि पहाटे स्वतः उठून गरम चहा हातात ठेवला. बाई म्हणाल्या, “अरे, मी तुम्हाला रोज सकाळी एवढी बोलते, आणि तुम्ही असे?” राखणदाराची बायको हसली आणि म्हणाली, “तुम्ही बोलता म्हणून तर आमच्याकडे येणारी माणसं धड येतात.”

घळीपाशी पोचल्या तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता. पांढरा उतार, खाली कुठेतरी पाण्याचा दबका आवाज, आणि आडव्या खोदलेल्या पायऱ्या. एकेक पायरी पाऊल पुरतं मावेल एवढी रुंद. पलीकडच्या टोकाला दोर धरून एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा होता.

“या आजी,” तो ओरडला. “खाली बघू नका. माझ्याकडे बघा. घाई नाही.”

आजी! बाईंनी ओठ घट्ट मिटले. एक तर भीतीने जीव मुठीत, त्यात हे. डावा पाय, मग काठी, मग उजवा पाय. मधोमध गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मागे भाचा देवाचं नाव घेत होता. “शाबास आजी, अजून थोडंच,” पलीकडचा माणूस समजावत होता. “पायरी मी कालच तुडवून पाहिलीय, माझ्यावर भरवसा ठेवा.”

भरवसा! बाईंना त्या स्थितीतही हसू आलं. त्यांनी पाय उचलला.

शेवटच्या पायरीवर त्याने हात धरून त्यांना वर घेतलं, मागोमाग भाच्यालाही, मग बाईंना दगडावर बसवलं, पाणी दिलं. डोळे बारीक करून बघत म्हणाला, “जिंकलंत आजी. पण एक सांगतो. तुमच्यासाठी आमच्या खालच्या ताईंनी माझं डोकं खाल्लं बरं का, रोज. एरवी नको म्हटलं की त्या ऐकतात. खाली गेलात की आधी त्यांचे आभार माना.”

बाईंनी पाण्याचा घोट गिळला. “आजी कुणाला म्हणता हो भाऊ? माझ्याहून तुम्हीच थोरले असाल!”

त्या माणसाच्या हातातला दोर गळून पडला.  मग तिथेच, बर्फात, मटकन खाली बसला.

“ताई?” तो म्हणाला. “मी तुम्हाला नको म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंत की. तीनदा.”

निवाऱ्यात नवा माणूस आदल्या दिवशीच पोचला होता. भाऊंचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. खरं तर ते कालच उतरणार होते, पण हट्टी म्हातारीला घळ पार करून दिल्याशिवाय जायचं नाही म्हणून थांबले होते. चुलीजवळच्या बाकावर दोघं बसली. भाच्याने कोपऱ्यात अंग टाकलं होतं.

बाईंनी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. शेवटी सरळ म्हणाल्या, “भाऊ, मी आभार मानायला आले. तुम्ही कधी खोटं सांगितलं नाहीत. तुमच्या खाटा रिकाम्या राहिल्या, पण तुम्ही नकोच म्हणालात. माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही, ते तुमच्यामुळे. आणि आमचे हे गेले तेव्हा तुम्ही जे बोललात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बस, एवढंच.”

भाऊंनी चुलीत एक लाकूड सरकवलं.

“ताई, उलटंच सांगताय तुम्ही,” ते म्हणाले. “मी इथे नवा होतो तेव्हा दारात उभा राहून नुसतं बघायचो आणि खबर द्यायचो. थंडी मरणाची, पाहुणा नाही, माणूस नाही. पांघरुणातून उठावंसंच वाटायचं नाही. आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलंत, ‘भाऊ, स्वतः पाय घातलात का?’ नव्हता घातला. तुम्ही म्हणालात, ‘जा, घालून या, मी थांबते.’ आणि खरंच थांबलात हो! तेव्हापासून रोज सकाळी उठलो ते, खाली एक बाई विचारणार आहे म्हणून. वाट तपासायला म्हणून बाहेर पडायचो आणि बाहेर पडलो की जगावंसं वाटायचं. खरं बोलायचं मी कुठून शिकलो? तुम्ही विचारायचात, म्हणून मी राहिलो इथे. नाहीतर पहिल्याच वर्षी पळालो असतो.”

बाईंनी चष्मा काढला. पुसायला पदर घेतला आणि तो तसाच डोळ्यांना लावला. 

“बरं,” त्या शेवटी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “बरं झालं मी आले.”

“बरं झालं मी थांबलो,” भाऊ म्हणाले, आणि उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.