मागच्या बाकावरचे दाणी

पंढरीनाथ दाणी आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आले ते आमच्यावर नजर ठेवायला. त्यांची मुलगी कौमुदी आमच्या मंडळींबरोबर दर शनिवारी जयपूरबाहेर चौमूं रस्त्यावरच्या वीटभट्टीवर मजुरांच्या मुलांना शिकवायला जायची. ही माणसं आपली पोर हळूहळू त्यांच्यात ओढून घेणार, अशी धास्ती दाणींनी घेतली होती. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या मते ते तक्रार करण्यासाठी माहिती गोळा करत होते. दोन्ही बाजू एकमेकांना चोर समजत होत्या, आणि त्यात भट्टीवरची ती शाळा बंद पडायची वेळ आली.

मी तेव्हा चर्च कमिटीचा सेक्रेटरी होतो, आताही आहे. आमचं घराणं राहुरीकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. बँकेच्या बदलीने जयपूरला आलो आणि इथलाच झालो. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत चालते. मराठी माणसं आम्ही दोन-तीन घरंच. त्यामुळे पावसाळा सरल्यावर एका रविवारी मागच्या बाकावर बसलेला नवा माणूस पुस्तकातली हिंदी ओळ बोट ठेवून वाचताना "अरे बापरे" असं पुटपुटला, तेव्हा माझे कान टवकारले.

उपासना सुटल्यावर मी त्यांना गाठलं. मी मकासरे, असं सांगून नाव विचारलं. "पंढरीनाथ," ते म्हणाले. आडनाव विचारलं, तर म्हणाले यंदा थंडी लवकर पडणार दिसते. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर पार्किंगची चौकशी करू लागले. आडनाव न सांगणारा मराठी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. घरी येऊन विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "पंढरीनाथ नावाचा माणूस चर्चमध्ये कशाला येईल? सांभाळून राहा."

पुढच्या रविवारीही ते आले. बाक तोच, अगदी दाराजवळचा. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याची, वेळ झाली की उठून बाहेर जायचे आणि ते उरकलं की परत यायचे. उपासनेनंतर आमच्याकडे चहा असतो. त्याला ते हात लावत नसत. कुणी कप पुढे केला की दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. एकदा विमलने बिस्किटं पुढे केली, तेव्हा त्यांनी ताटलीतली सगळी बिस्किटं नीट निरखली आणि एकही उचललं नाही. पुढे कळलं, की त्यांच्या लहानपणी यवतमाळला त्यांची आजी सांगायची, मिशनवाल्यांच्या हातचा पाव खाल्ला की माणूस त्यांचा झाला. दाणी शिकलेले होते, असल्या गोष्टींना हसायचे. पण स्वतःवर वेळ आल्यावर त्यांनी धोका पत्करला नाही.

आम्हाला खरी भीती वाटली ती फळ्यामुळे. चर्चच्या दाराशी आमचा सूचनांचा फळा आहे. त्या दिवसांत त्यावर येत्या दोन महिन्यांचे कार्यक्रम होते: हंगामाचा सण, त्यानंतर आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार, वैशाली नगरच्या घरांतून नाताळगीतांची फेरी, भट्टीवर कांबळवाटप आणि शनिवारची शाळा. पंढरीनाथांनी मोबाइल काढून त्या फळ्याचा फोटो घेतला. मग जवळ जाऊन फक्त भट्टीच्या ओळीचा वेगळा फोटो घेतला. वर सुखदेवला विचारलंही, की भट्टीवर कोण कोण जातं आणि तिथे मुलांना नेमकं काय सांगता.

सुखदेव म्हणजे आमच्या कमिटीतला गॅरेजवाला, अजमेरकडचा. बोलका, मोठ्या आवाजाचा माणूस. पण त्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. आजकाल कुठून काय तक्रार होईल सांगता येत नाही, हे सगळ्यांच्याच मनात असतं. बोलत कोणी नाही. कमिटी बसली. पाद्रीसाहेब म्हणाले, आपण लपवण्यासारखं काही करत नाही. ते सगळ्यांनी मान्य केलं आणि तरीही ठरलं, की हंगामाचा सण झाल्यावर भट्टीवर जाणं थांबवायचं, निदान नाताळ होईपर्यंत. तो ठराव मीच मांडला. मला तो शहाणपणाचा वाटला होता.

कौमुदीला हे फोनवर कळवलं. ती आमच्यातली नव्हती, रविवारी कधी येत नसे. एका मैत्रिणीबरोबर भट्टीवर आली आणि रमली. आम्ही तिला नुसतं कौमुदी म्हणूनच ओळखत होतो. तिचं मराठी तिच्या पिढीचं, हिंदीत बुडवून काढलेलं. "मतलब, काका, एक अनजान माणूस येऊन बसतो म्हणून तुम्ही शाळा बंद करणार?" ती म्हणाली. मी सांगितलं, की सणाला ये, मग सविस्तर बोलू. तिने विचारलं, सणाला काय आणायचं असतं. मी म्हटलं, शेत असेल तर शेतातलं, नसेल तर घरच्या हातचं काहीही.

या सणाची आमची रीत इथे सांगायला हवी. त्या दिवशी प्रत्येकजण काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो. भोपळे, बाजरी, गाजरं, कोंबडी, केक, विणलेला स्वेटर. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा सेवाकार्याला जातो. ज्याने बोली जिंकली त्याने पैसे भरायचे आणि वस्तू घरी न नेता, बहुतेक वेळा, परत टेबलावर ठेवायची. मग तिचा पुन्हा लिलाव होतो. एकच कोंबडी पाच-सहा वेळा विकली जाते आणि शेवटी कुणाच्या तरी स्कूटरवरून जाते. आम्हाला यात काही वेगळं वाटत नाही. बाहेरच्या माणसाला ही शुद्ध लबाडी वाटेल, हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं.

सणाच्या दिवशी पंढरीनाथ आले आणि मागच्या बाकावर बसले. कौमुदी सकाळीच येऊन स्वयंपाकाच्या बाजूला पुऱ्या लाटायला गेली होती, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. उपासनेच्या शेवटी वेदीपुढे रांगेने वस्तू मांडलेल्या होत्या. एरवी प्रभुभोजनाची वेळ होताच बाहेर जाणारे पंढरीनाथ त्या दिवशी बाकावरून उठून सरळ पुढे आले, अगदी वेदीच्या पायरीपर्यंत, आणि तिथल्या एका बरणीकडे बघत राहिले. तपकिरी चिनीमातीची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, आता हा हिचाही फोटो काढणार.

फोटो त्यांनी काढला नाही. बाहेर लिलाव सुरू झाला तसे ते गर्दीत पुढे येऊन उभे राहिले. सुखदेवने बरणी उचलली, हुंगली, आणि पुराने नींबू का अचार आहे, असली मराठी माल आहे, म्हणून बोली मागितली. एकाने आकडा सांगितला. पंढरीनाथांनी त्याहून मोठा सांगितला. सुखदेवने तो आकडा रिवाजाप्रमाणे मोठ्याने पुन्हा म्हटला. तो दुसऱ्या कुणाचा आहे असं समजून पंढरीनाथांनी आणखी वाढवला. सुखदेवने तोही पुकारला. पंढरीनाथांनी पुन्हा वाढवला. ते एकटेच स्वतःवर चढत होते. लोक हसायला लागले. ते हसणं ऐकून त्यांचा चेहरा अधिकच घट्ट झाला.

सुखदेवलाच लाज वाटली असावी. त्याने घाईने एक-दो-तीन म्हणून पैसे घेतले, बरणी त्यांच्या हातात दिली आणि हसत म्हणाला, "अब लौटा दीजिए, अंकलजी. फिर से बोली लगेगी."

"नाही देणार," पंढरीनाथ मराठीत म्हणाले. "पैसे घेतलेत ना? मग? हाच धंदा आहे तुमचा?"

मी पुढे झालो. रीत समजावून सांगायला लागलो, पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं: हा माणूस ही बरणी पुरावा म्हणून नेतोय. कशाचा पुरावा, ते मला सांगता आलं नसतं. लोणच्याने काय सिद्ध होणार होतं? पण संशय एकदा बसला की माणूस असले प्रश्न विचारत नाही. मी चक्क बरणीला हात घातला. त्यांनी ती छातीशी धरली.

तेवढ्यात पुऱ्यांची परात घेऊन कौमुदी बाहेर आली. परात तिने होती तिथेच जमिनीवर ठेवली.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही इथे?"

"ही तुझी नव्हती द्यायला," दाणी म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला, आणि तो आम्हा सगळ्यांपुढे, भर अंगणात झाला. बरणी कौमुदीच्या आईच्या, नीलिमाताईंच्या हातची. त्या गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी ते लोणचं घातलं होतं. त्यानंतर दाणींनी ते उघडू दिलं नव्हतं. बरणी फडताळात, तिच्यापुढे रोज सकाळी ते दोन मिनिटं उभे राहायचे आणि दार लावायचे. कौमुदीने विचारलं की म्हणायचे, संपलं की संपलं. तिने ते सणाला आणलं, त्यांना न विचारता. घरच्या हातचं दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं, कारण आई गेल्यापासून त्या घरात लोणचं, पापड, काहीच झालं नव्हतं.

"आईने ते खायला केलं होतं, बाबा," ती म्हणाली. "बघायला नाही."

दाणी माझ्याकडे वळले. "हे असं बोलायला तुम्ही शिकवलंत हिला?"

"आम्ही तर तुम्हाला घाबरून हिची शाळा बंद करतोय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "तुम्ही तक्रार करणार म्हणून."

"मी?" ते म्हणाले. "कोणाकडे?"

दाणी बरणी घेऊन निघून गेले. कौमुदी त्यांच्या मागे गेली नाही. परात उचलून पुऱ्या वाढू लागली.

दाणी कोण होते, हे मला त्यानंतर कळलं. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात काम केलं. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, ट्रक उलटला, की खरं काय झालं ते बघायला जायचं. कागदावर त्यांचा भरवसा नसे. जळालेल्या दुकानात जाऊन राख हातात घेऊन हुंगायचे, म्हणजे कापड जळलंय की आधीच माल हलवून नुसती पोती जाळलीत ते कळायचं. साहेब चिडायचे, दुकानदार त्याहून चिडायचे, पण दाणी स्वतः पाहिल्याशिवाय सही करत नसत. मुलीच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण सांगितलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हीच त्यांची नोकरी होती, आणि निवृत्तीनंतर नीलिमाताईही नसताना त्यांच्यापाशी दुसरं काम उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. नंबर कौमुदीकडून घेतला असावा. म्हणजे घरात बोलणं होतं. नमस्कार वगैरे काही नाही. शनिवारी भट्टीवर किती वाजता निघता, विचारलं. मी म्हटलं, आम्ही जाणं थांबवलंय. "थांबवू नका," ते म्हणाले. "मी बघितल्याशिवाय मला कसं कळणार?"

मी कमिटीला सांगितलं. सुखदेव म्हणाला, हा काहीतरी डाव आहे. पाद्रीसाहेब म्हणाले, असेल, पण डाव बघायला तरी जाऊ. माझा ठराव मीच मागे घेतला आणि शनिवारी आम्ही निघालो. आमच्या गाडीत बसायला दाणींनी नकार दिला. चौमूं रस्त्याने ते सगळा वेळ स्कूटरवरून आमच्या मागे येत होते, कानटोपी घालून, थोडं अंतर राखून. आरशात ते दिसेनासे झाले की सुखदेव गाडी हळू करायचा.

भट्टीवर ते विटांच्या एका थरावर बसले आणि सगळं ऐकलं. कौमुदी मुलांकडून बेरजा करून घेत होती. एका मुलीच्या वहीत त्यांनी डोकावून पाहिलं. पाद्रीसाहेब मुलांशी काय बोलतात हे ऐकायला मुद्दाम जवळ जाऊन उभे राहिले. पाद्रीसाहेब मुलांना नखं कापायला सांगत होते.

दुपारी नेहमीप्रमाणे पुरी-भाजी वाढली. दाणींनी कागदी ताटली घेतली नाही. मग त्यांनी स्कूटरच्या डिकीतून स्टीलचा एक छोटा डबा काढला. त्यात लोणचं होतं, काळंभोर झालेलं. एक फोड त्यांनी कौमुदीच्या ताटलीत ठेवली. तिने ती खाता खाता मान दुसरीकडे वळवली. दुसरी फोड माझ्या ताटलीत आली.

"बघा, खारट झालंय का," ते म्हणाले.

मी आधी फोडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. का कोण जाणे, हात पुढे होईना.

"खा हो, मकासरे," दाणी म्हणाले. "मी तुमचा चहा प्यायलो नाही, तुम्ही माझं लोणचं तरी खा."

मी खाल्लं. इतकं मुरलं होतं की साल जिभेवर विरली. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, डबा घट्ट लावला. मग माझ्या ताटलीतली एक पुरी उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि लोणच्याला लावून खाल्ली.

नाताळच्या फेरीत गाणारी मंडळी दाणींच्या घरासमोरही थांबली. ते फाटकाशी उभे राहून दोन गाणी संपेपर्यंत ऐकत होते, फाटक मात्र त्यांनी उघडलं नाही. भट्टीवर अजून दर शनिवारी येतात, आमच्या गाडीत न बसता स्वतःच्या स्कूटरवरून. का येता म्हणून विचारलं तर म्हणतात, नजर ठेवायला. चहा अजून घेत नाहीत.