यज्ञेशची सीट आणि सिदू कुशनवाला

सिदू कुशनवाल्याकडं जाताना माणसानं सोबत डबा न्यावा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. जळकोटला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान आहे. पाटी नाही. बाहेर ट्रॅक्टरच्या उसवलेल्या सीटा पडलेल्या असतात. त्यातल्या एका सीटवर बसून आपण वाट बघायची आणि संध्याकाळी त्यानं दोरा दातानं तोडत सांगायचं, "सर, उद्या." मी जळकोटच्याच शाळेत शिकवतो, तुळजापूरहून रोज जाऊन-येऊन करतो. त्यामुळं सिदूमागं तगादा लावणं हे आमच्या घरात माझं काम. गेल्या ऑक्टोबरात मी तिथं इतक्या चकरा मारल्या, की सर आता कुशनचं काम शिकतायत अशी आवई वर्गातल्या पोरांनी उठवली.

सिदू धनगराच्या घरातला. वडील मेंढरं राखायचे. याला मेंढरांमागं पाठवलं की हा झाडाखाली बसून फाटकी घोंगडी टाचत बसायचा आणि मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरायची. भांडणं निस्तरून वडील कंटाळले आणि त्यांनी त्याला उमरग्याला एका कुशनवाल्याच्या हाताखाली ठेवलं. तिथून तो जळकोटला परत आला तो स्वतःचं मशीन घेऊनच. आता पन्नाशी उलटली. ट्रॅक्टर, टेम्पो, लोहाऱ्याकडं जाणाऱ्या जीपा, सगळ्यांच्या सीटा त्याच्या हातच्या.

त्याच्याकडं टेप नाही. असली तरी मी कधी बघितली नाही. तो गिऱ्हाइकाला जुन्या सीटवर बसवतो, टेकायला सांगतो, मांडीखाली हात सरकवतो आणि तोंडाकडं बघत राहतो. कमरेत दुखत असेल तर तोंडावर दिसतं म्हणे. सीट गाडीला नाही, माणसाला करायची असते, असं त्याचं म्हणणं. एकदा करून दिली की दहा वर्षं बघायला नको, हेही खरं. म्हणून तर माणसं शिव्या देत देत त्याच्याकडंच येतात.

आमचे तात्या त्यातलेच. तात्या म्हणजे माझे वडील, शिक्षण खात्यातून कारकून म्हणून रिटायर झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच चैन केली. सोलापूरच्या एका डॉक्टरकडून दोन दारांची, कापडी टप मागं दुमडता येणारी जुनी गाडी घेतली. मी आणि माझी बहीण नीरजा, आम्ही दोघं दवाखान्यातून घरी आलो ते त्याच गाडीतून, आईच्या मांडीवर. त्या गाडीचा टप सिदूनं तीनदा शिवला, सीटा दोनदा केल्या. गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तात्यांना खपत नाही.

आता तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर तो जड क्लच दाबता येणार नव्हता. हैदराबादच्या एका हौशी माणसाला गाडी द्यायचं नक्की झालं, तो दिवाळीनंतर न्यायला येणार होता. त्याआधी, कोजागरीची गर्दी ओसरली की नीरजा पुण्याहून यायची होती. तिचा यज्ञेश दीड वर्षाचा. नातवाला टप उघडून एकदा नळदुर्गाच्या किल्ल्यापर्यंत न्यायचं आणि आणायचं, एवढंच तात्यांच्या मनात होतं. दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं.

नीरजानं फोनवरच सांगितलं की लहान मुलांची सीट गाडीत पक्की बसली असेल तरच यज्ञेश बसेल. मांडीवर घेऊन ती जाणार नाही. तात्यांनी आम्ही दोघं कसे मांडीवर वाढलो ते ऐकवलं. तिनंही ऐकवलं. दोन दिवस फोन बंद, मग आई मध्ये पडली, आणि चौथ्या दिवशी कुरियरनं एक भलंमोठं खोकं आमच्या दारात येऊन पडलं.

त्या सीटला मागून गाडीचा पट्टा ओवून घ्यायचा असतो, नाहीतर गाडीच्या सांगाड्याला असलेल्या लोखंडी कड्यांत ती अडकवायची असते. आमच्या गाडीत मागं पट्टा नाही आणि कडी तर त्या काळात कुणाच्या डोक्यातही नव्हती. पुढची सीट दुमडून अंग चोरत मागं शिरावं लागतं. मागची जागा अशी, की दोन माणसं बसली तर एकमेकांचे गुडघे मोजत बसावीत. खोकं तिथं ठेवून बघतानाच माझ्या कोपराची सालं निघाली. तात्यांनी मात्र एका दमात फैसला केला, "सिदू बसवतो."

गाडी आणि सीट जळकोटला पोचवली, आणि सिदूची पहिली मागणी आली, पोरगं आणा. मी म्हटलं, पोरगं पुण्यात आहे, पंधरा दिवसांनी येणार, आणि सीट तर कंपनीनं करूनच दिलीय, तुला फक्त ती गाडीत पक्की करायचीय. त्याला ते पटेना. पोर बसवल्याशिवाय सीट कशी करायची. शेवटी त्यानं घरून सुनेला, मोनिकाला, तिचं आठ महिन्यांचं पोर घेऊन बोलावलं. पोराला सीटमध्ये ठेवलं तसं त्यानं टाहो फोडला. सिदूनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि निदान केलं, लई कडक हाय.

मग त्यानं त्या सीटचं कापड काढलं, आत दोन बोटं फोम भरला आणि वर गाडीला शोभेल असं मरून रेक्झिन चढवलं. मी कपाळावर हात मारला. असली सीट मुद्दाम कडक करतात, असं मी नीरजाकडून ऐकलेलं सांगितलं, तर तो म्हणाला की पुण्याच्या पोरांचं मला ठाऊक न्हाय. मी नीरजाच्या भाषेत त्याला समजावणार तरी काय. मला तरी कुठं सगळं कळत होतं. फोम उद्या काढ एवढं कबूल करून घेतलं आणि सात वाजताची एसटी पकडली.

दसरा गेला, कोजागरी गेली. मध्ये चार दिवस त्यानं गाडीला हातच लावला नाही, कारण सोयाबीन काढायला मळणी यंत्रांचे ट्रॅक्टर निघालेले आणि त्या सगळ्यांच्या सीटा एकदम फाटलेल्या. तात्या रात्री जेवताना रोज विचारायचे, झालं का. मी रोज सांगायचो, उद्या. तात्या माझ्यावरच चिडायचे, जसा काही सिदू मीच आहे.

नीरजा आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एसटीनं जळकोटला गेलो. गाडी दुकानापुढं टप उघडून उभी होती. मागच्या सीटवर ती मरून सीट, काठाला पांढरी शिलाई, चार बोल्ट. खरं सांगतो, देखणं काम होतं. फोमही त्यानं काढला होता. तात्यांचा चेहरा असा फुलला, की माझाही पंधरवड्याचा राग निम्मा उतरला.

नीरजानं यज्ञेशला माझ्याकडं दिलं, आत वाकली, सीटला एका हातानं धरलं आणि ओढलं. सीट उचलली गेली. तिच्याखालची गादीसुद्धा उचलली गेली. सिदूनं चारही बोल्ट गादीच्या फळीत मारले होते, आणि ती फळी काही गाडीला जोडलेली नव्हती. हायवेवरच्या कामात गादी सुटीच ठेवतात, खाली जॅक असतो, पाना असतो, ड्रायव्हरला ती घडीघडी उचलावी लागते. पंचवीस वर्षं त्याचा हात असाच वळलेला.

नीरजा काही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं, इतका मी शरमलो. गाडी कशावर आदळली तर दहा किलोचं पोर त्या क्षणी दोन-तीन क्विंटलच्या ओझ्यासारखं पुढं खेचलं जातं, एवढंच तिनं शांतपणे सांगितलं. सिदूनं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यानं यज्ञेशकडं बघितलं, गादीकडं बघितलं आणि दोन दिवस मागून घेतले. तात्या लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीतच त्यानं मला शाळेतून बोलावून घेतलं. तात्या आधीच एसटीनं नळदुर्गापर्यंत आणि तिथून जीपनं येऊन पोचले होते. त्यांना घरी धीर निघाला नव्हता. सिदूनं गादी बाहेर काढली होती, खालची जाड चटईही सोलून काढली होती. ती चटई त्यानंच कधीतरी धूळ येते म्हणून तात्यांच्या सांगण्यावरून चिकटवलेली. त्यानं पेचकस घेतला आणि खालच्या पत्र्याला नुसता टेकवला. पेचकस आरपार गेला. भोकातून रस्त्याची खडी दिसत होती.

तिथं बोल्ट धरेल असं काही उरलं नव्हतं. पूर्ण तळ कापून नवा करायचा तर गाडी सोलापूरला न्यावी लागली असती, महिना गेला असता. नीरजा परवा निघणार होती.

 तात्यांनी आवाज खाली आणला. वरून एक पट्टी टाक, म्हणाले, चटई परत चिकटव, हाताला हलली नाही म्हणजे झालं. नीरजा काय चटई उचलून बघणार आहे का. गाडी वीसच्या वर नेत नाही. एकच चक्कर. मी त्यांचा मुलगा, आणि त्यांना गप्प करायचं माझं धाडस झालं नाही. उलट एक क्षण मलाही वाटलं, करावं तसं, संपवावं एकदाचं. हे लिहायला लाज वाटते.

सिदूनं नकारार्थी मान हलवली.

"तुला जमत नाही म्हण की मग," तात्या म्हणाले. तात्यांना कुणाला कुठं टोचायचं ते बरोबर कळतं.

सिदू खाली बसला होता तो उठला नाही. "व्हय. जमत न्हाय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता, तात्यांनीही नसावा. मग तो गाडीकडं न बघता बोलला, "तात्या, जीपांचे पट्टे म्या कापल्यात. माणसं म्हणायची टोचतंय, ड्रायव्हर म्हणायचा दोन शिटा जास्त बसत्यात. चाळीस-पन्नास गाड्या असत्याल. त्यात पोरं बसत्यात, माझी नात बसती. कवा कुणी इचारलं न्हाय, मलाबी सुचलं न्हाय. तुमच्या लेकीनं इचारलं. आता कळल्यावर कसं करू म्या?"

तात्या गाडीत बसले. मागची गादी तशीच बाहेर राहिली, पोराची सीट तेवढी सिदूनं सोडवून गाडीत ठेवली. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याशेजारी बसलो आणि चाळीसेक किलोमीटर त्यांची बोलणी खाल्ली, सिदूवरची, नीरजावरची, माझ्यावरची. मीही एकदा उलट बोललो. घाटात दोघंही थकलो.

घरी नीरजानं विचारलं, काय झालं. तात्यांनी चप्पल काढता काढता सांगून टाकलं, सिदूला जमलं नाही. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, ट्रॅक्टरच्या सीटा करणारा माणूस. तात्या आत गेले, पाणी प्यायले, परत बाहेर आले.

"खोटं बोललो मी," ते म्हणाले. "वरवर बसवून दे, तुला कळू देऊ नको, असं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही."

नीरजानं त्यांच्याकडं बघितलं आणि यज्ञेशला आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी तिनं टॅक्सी सांगितली. टॅक्सीत मागं पट्टे होते, सीट दहा मिनिटांत बसली. नळदुर्गाला जाऊ म्हणाली. तात्या आयुष्यात पहिल्यांदा गाडीत मागं बसले, नातवाच्या सीटला खेटून, आणि नळदुर्ग येईपर्यंत ड्रायव्हरला क्लच सावकाश सोड म्हणून सांगत होते. यज्ञेश झोपून गेला. नळदुर्ग आलं तरी तात्या म्हणाले, थांबू नको, जळकोटला घे.

सिदू दुकानातून बाहेर आला. काय बघायचं ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं दार उघडलं, पोराचे पाय अलगद बाजूला केले, सीटला दोन्ही हातांनी धरलं आणि पूर्ण अंगाचा भार टाकून ओढलं. टॅक्सी हलली. सीट हलली नाही. त्यानं पट्टा कुठून आलाय, कुठं अडकलाय ते हात लावून लावून बघितलं, तीनदा, आणि दार लावलं.

तात्यांनी काच खाली केली. "सिदू, चल किल्ल्यावर," ते म्हणाले. "पुढं बस."

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मी होतो. मी उतरलो.