पळसाच्या पानांचे मामा

"का जी, आज कोन बनू?"

माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, गमछ्याने तोंड पुसत मामा हे विचारायचे. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझी चूक सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. या माणसाला मी एकदा मेलेला बनवलं. त्यातून काय झालं ते कळल्यावरही, तो फोटो खपत होता म्हणून, मी तो कितीतरी वर्षं खपू दिला.

गोंदियात माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. शेजारच्या टपरीत मामांची कोळशाची इस्त्री. सगळा मोहल्ला त्यांना मामाच म्हणायचा. लग्न केलेलं नव्हतं. सख्खं माणूस एकच, सालेकशाकडच्या गावात दिलेली धाकटी बहीण. भाऊबीजेला ते न चुकता तिच्याकडे जायचे. एकदा तिने त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लाल बटण लावून दिलं, घरात दुसरं नव्हतं म्हणून. मामांनी ते कधी बदललं नाही. "आमच्या बाईची डिझाइन हाय," असं गिऱ्हाइकांना दाखवायचे.

डिजिटल कॅमेरे आले आणि माझं काम बसलं. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. तेव्हा एका मित्राने इंटरनेटवर फोटो विकायची वाट दाखवली. वेबसाइटवर फोटो चढवून ठेवायचे. जगात कुणालाही जाहिरातीसाठी, पत्रकासाठी चेहरा हवा असला की तो विकत घेणार, आणि दरवेळी थोडे पैसे आपल्या खात्यात येणार. एकच फोटो शेकडो वेळा विकला जाऊ शकतो, आपण झोपेत असतानाही. म्हातारपणाची सोय झाली असं मला वाटलं.

मागणी होती ती साध्या माणसांना. शेतकरी, मास्तर, डॉक्टर, आजोबा. चेहरा माझ्या शेजारीच होता, आणि कपडेही. इस्त्रीला आलेला वकिलाचा कोट मामा थोडा वेळ घालायचे, फोटो झाला की पुन्हा इस्त्री फिरवून घडी करायचे.

"वकीलसायबाले सांगू नोका. त्याच्यापरीस मले शोभून राहिला."

संमतीच्या कागदावर त्यांनी हसत सही केली. कुठंबी लावा, म्हणाले.

मग मामा दिसू लागले. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवर फेटा बांधून हसणारे मामा. बँकेच्या पत्रकावर चष्मा लावलेले मामा. नवी गिऱ्हाइकं कपडे द्यायला यायची आणि पैसे द्यायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. "आपको कहीं देखा है," म्हणायची. मामा खूश व्हायचे. पुढे पुढे मात्र ते उत्तर द्यायचे बंद झाले.

एकदा कुठल्याशा दवाखान्याचं पत्रक घेऊन ते माझ्याकडे आले. त्यात त्यांच्या मांडीवर एक गोरागोमटा मुलगा बसलेला. कुणीतरी कॉम्प्युटरवर जोडलेला.

"हा पोरगा कोनाचा जी?"

"माहीत नाही, मामा. कुठला तरी वेगळा फोटो चिकटवलाय."

"मायाकडं पाहून हासून राहिला ना पण."

ते पत्रक त्यांनी टपरीत खिळ्याला लावलं. वर्षभराने इस्त्री करता करता सहज म्हणाले, "आता शाळेत जात असल तो." मी हसलो. मामा हसले नव्हते.

मेलेल्या माणसाचा फोटो काढायचं माझ्याच डोक्यात आलं. विम्याच्या, अपघाताच्या जाहिरातींना असे चेहरे लागतात. मामा पहिल्यांदाच नाही म्हणाले.

"दुसरं कायबी बनवा. हे नोको."

"फोटोच तर आहे, मामा. तुम्हाला काय होतंय?"

"यासाठी कपडे कोनाचे घालू?"

"तुमचेच राहू द्या."

भर दुपार होती. पांढऱ्या चादरीवर ते निजले, मी नाकात कापूस घातला. त्यांनी डोळे मिटले आणि चेहऱ्यावरचं सगळं काही काढून घेतल्यासारखं झालं. मी फोटो घेत सुटलो. संपल्यावर म्हटलं, "मामा, उठा." ते हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली, खांदा हलवला. हात गार लागला, त्या उकाड्यात. मी घाबरून ओरडलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"ऐकू येऊन राहिलं होतं," ते छताकडे बघत म्हणाले. "उठाचंच वाटलं नाही."

तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त विकला गेला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी मामांना फॉरेस्ट गाइड बनवायला आठवडाभर नागझिऱ्याच्या जंगलाकडे घेऊन गेलो. टपरी बंद, खोलीला कुलूप, माझा स्टुडिओही बंद. नेमक्या त्याच वेळी सालेकशाच्या बाजारात, दवाखान्याच्या भिंतीवर सर्पदंशाचं पोस्टर लागलं होतं. पांढऱ्या चादरीवर मामा. वेळेवर दवाखान्यात आणलं असतं तर हा माणूस वाचला असता, असं खाली लिहिलेलं. बहिणीला वाचता येत नव्हतं, मुलाने वाचून दाखवलं. चेहरा एखाद्याचा सारखा असतो, असं तिने स्वतःला समजावलं म्हणे. मग तिला शर्टाचं लाल बटण दिसलं.

मुलगा गोंदियाला येऊन कुलूप बघून गेला; आम्ही कुठे गेलो ते मोहल्ल्यात कुणालाच माहीत नव्हतं. सासरच्यांनी ठरवलं, बेवारस म्हणून सरकारनेच जाळलं असेल. देह मिळाला नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. तसा केला. तेराव्या दिवशी सगळे तेरवीही जेवले.

हे मामांना कळलं ते भाऊबीजेला, बहिणीच्या दारात. ती किंचाळली. तिच्या सासूने दार लावून घेतलं. ज्याची तेरवी आपण जेवलो त्याला घरात कसं घ्यायचं, असं ती आतून विचारत होती, आणि त्या घरात तिच्या पुढे कुणाचं चालत नव्हतं.

संध्याकाळी मामा माझ्या पायरीवर येऊन बसले.

"माया पुतळा जाळला म्हनते. पानाचा होता, लवकर जळला."

मी म्हणालो, "मी जाऊन समजावतो त्यांना."

"कायले? तुमी काय सांगाल? त्याइच्यासाठी मी मेलोच ना आता."

मी गेलो नाही. वेबसाइटवरून फोटो काढायला एक बटण दाबायचं होतं, तेही दाबलं नाही. पोरांच्या शिक्षणाचे दिवस होते, असं स्वतःला सांगत राहिलो. मामांनी पुन्हा कधी आज कोन बनू असं विचारलं नाही. दरवर्षी भाऊबीजेला मात्र इस्त्री बंद ठेवायचे. संध्याकाळी परतायचे. "जाऊन आलो," एवढंच.

ते एका थंडीत तापाने गेले. मोहल्ल्याने खांदा दिला. भिंतीवर लावायला फोटो द्या, असं लोकांनी मला सांगितलं. मी रात्र काढली शोधण्यात. वकील होते, मास्तर होते, गाइड होते. स्वतःच्या कपड्यांतले मामा एकाच फोटोत होते. त्या रात्री मी वेबसाइटवरचं ते बटण दाबलं. पण ज्यांनी आधी विकत घेतला त्यांच्याकडून तो परत येत नाही.

पुढच्या भाऊबीजेला मी बहिणीच्या गावी गेलो. सासू आता नव्हती. दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर, महिन्यांची पानं फाटलेली, वर फेटा बांधलेले मामा. कपाळावर कुंकवाचा जाड थर, वर्षानुवर्षांचा. खाली ओवाळणीचं ताट.

मी कोण ते सांगितलं, मामा गेल्याचंही. ती शांतपणे म्हणाली, "तो जिता हाय हे मले मालूम होतं जी. पन रडून झालं होतं ना एकदा. तो तिकडं रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली येऊन बसे. मी दार उघडं ठेवून या फोटोले ओवाळो. त्याले तिथून दिसे."

मी खाली बसलो. सगळं सांगितलं. त्यांना मी निजवलं, ते नको म्हणत होते, मला कळल्यावरही मी फोटो राहू दिला. ती ऐकत वात सारखी करत होती.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. दिवा लावून तिने ताट उचललं आणि थोडी बाजूला सरकली. "त्याले सांगा."

मी उभा राहिलो. दिव्याच्या उजेडात फोटोतले ते ओठ आता काहीतरी विचारतील असं वाटत होतं.

"मामा," मी म्हटलं, "माझं चुकलं. उठा आता."