तिसरा गिअर आणि सत्तर मार्क

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव गाडीच्या कागदपत्रांवर होतं, आणि बायको फार चिडली की तिच्या तोंडी यायचं. एरवी सगळे त्यांना सावकाशरावच म्हणायचे, कारण गेली अठ्ठावीस वर्षं ते काचा पोचवत होते. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या काचा, केस कापायच्या दुकानातले आरसे. पिकअपच्या मागे एक तिरकी लाकडी चौकट होती, तिला धंद्यात घोडी म्हणतात. तिच्यावर काचा उभ्या टेकवायच्या, मध्ये घोंगडीचे तुकडे, वरून पट्टे, आणि मग निघायचं ते अशा बेतानं की मागच्या सायकलवाल्यानं वैतागून घंटी वाजवावी. खड्डा दिसला की सावकाशराव आधी थांबायचे, त्याचा अंदाज घ्यायचे, आणि बाळ निजवून खोलीबाहेर पडावं तशी गाडी त्यातून काढायचे.

इतक्या वर्षांत त्यांच्या जुन्या गाडीत दोनच काचा फुटल्या होत्या. त्यातली एक चेंडू लागून, म्हणजे ती धरायचीच नाही असं त्यांचं म्हणणं.

नवी पिकअप (नवी म्हणजे त्यांना नवी, आधी कुणीतरी सव्वादोन वर्षं वापरलेली) घेतल्यावर मात्र आठ महिन्यांत पाच फुटल्या.

दोष तिसऱ्या गिअरचा. गाडी गरम झाली, मागे वजन असलं आणि चढ लागला, की तिसरा गिअर आपणहून निसटायचा. खट्ट! दांडी उडी मारून मध्ये यायची, इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी चढावर घोटाळायची. आणि घाईनं गिअर पुन्हा टाकला की असा हिसका बसायचा की मागून ‘चर्र’ असा आवाज यायचा. तो आवाज आला की सावकाशराव गाडी बाजूला घेऊन मिनिटभर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसायचे. मागे वळून बघायची गरजच नसायची.

काचदुकानाचे मालक तसे सज्जन, पण पाचव्या काचेला त्यांची जीभ सुटली.

“सावकाशराव, आता मी गिऱ्हाइकाला आधीच विचारून ठेवतो. काच अखंड हवी की तुकड्यांत?”

“मालक, माझा हात तोच आहे हो. गिअरच दगा देतो.”

“ते मला ठाऊक आहे, पण काचेला ठाऊक नाही ना! हे बघा, महिनाअखेरीला नाचाच्या क्लासचे आरसे जायचेत. नऊ फुटी, सहा नग. तोवर गाडी नीट झाली तर ते काम आणि पुढचं सगळं तुमचं. नाहीतर तो टेम्पोवाला रोज दुकानासमोरून हळूहळू जाऊन दाखवतोय मला.”

त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला गाडीची वॉरंटीही संपत होती. नवा गिअरबॉक्स पदरचा बसवायचा तर गाडीच विकावी लागली असती. थोडक्यात, महिनाअखेरीपर्यंत कंपनीनं गिअरबॉक्स दिला तर सावकाशराव काचवाले राहणार होते, नाहीतर एक फावल्या वेळेचा वयस्कर माणूस.

असं नव्हे की त्यांनी कंपनीकडे दाद मागितली नव्हती. आतापर्यंत सात वेळा ते सर्व्हिस सेंटरला जाऊन आले होते. ते सेंटर असं चकचकीत की आत शिरताना माणसानं उगाचच शर्ट खोचावा. मऊ सोफा, बटण दाबलं की कॉफी, भिंतीवर हसणारं कुटुंब आणि त्याखाली ‘आपलं समाधान हाच आमचा ध्यास’. वर्कशॉप काचेच्या भिंतीपलीकडे. ग्राहकाला प्रवेश नाही. सावकाशरावांनी पहिल्याच दिवशी त्या काचेवर टिचकी मारून पाहिली होती. काच उत्तम होती. त्या इमारतीत त्यांना पटलेली तेवढी एकच गोष्ट.

तिथं त्यांची गाठ पडायची टायवाल्याशी. हा तक्रार लिहून घेणारा माणूस. चाळिशीतला, गोड बोलणारा, वाक्याला दोनदा ‘सर’ लावणारा.

“काय त्रास आहे सर?”

“तिसरा गिअर उडतो.”

“कधी उडतो सर?”

“भरल्या गाडीला. चढावर. तापल्यावर.”

“लगेच बघून घेतो सर!”

मग एक मेकॅनिक रिकामी, थंड गाडी मागच्या सपाट अंगणात दोन फेऱ्या फिरवून आणायचा आणि कार्डावर लिहायचा: ‘तक्रार आढळली नाही.’ पोहता येतं का बघायला माणसाला कोरड्या हौदात उभं करावं, तसा सगळा प्रकार.

“मग मी भरून आणतो ना गाडी,” सावकाशराव म्हणाले होते.

“मालासकट आत घेता येत नाही सर. नियम आहे.”

“मग तुम्ही चढावर न्या.”

“टेस्टचा रस्ता ठरलेला असतो सर.”

दुसऱ्या खेपेला त्यांनी तेल बदललं. तिसऱ्या खेपेला ‘गाडीचा स्वभावच तसा आहे सर’ असं सांगितलं, जणू गाडी म्हणजे घरातली मानी आत्याच. पाचव्या खेपेला टायवाला फार हळुवारपणे म्हणाला, “सर, राग मानू नका, पण गिअर टाकायची पद्धत... आम्ही एक माहितीपत्रक देतो.” अठ्ठावीस वर्षं काचा वाहिलेल्या माणसाला गिअर कसा टाकावा याचं रंगीत माहितीपत्रक! सावकाशरावांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि कॉफी संपवली. ते चिडले की त्यांचा आवाज अजून खाली जायचा. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि या स्वभावानंच घात केला.

प्रत्येक खेपेला निघताना टायवाला त्यांना गाडीपर्यंत सोडायला यायचा आणि आवाज उतरवून म्हणायचा, “सर, उद्या कंपनीतून फोन येईल. एक ते दहामध्ये मार्क विचारतील. सर, तेवढे दहा द्या. नऊ दिले ना, तरी आमच्याकडे नापास धरतात.”

दुसऱ्या दिवशी फोन यायचा. एक मंजुळ बाई विचारायची, “सर, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?” सावकाशरावांच्या डोळ्यांसमोर उन्हात गाडीपर्यंत चालत आलेला टायवाला यायचा. बिचाऱ्याचा काय दोष? गिअरबॉक्स त्यानं थोडाच बनवलाय? कॉफीही दिली, दारही उघडलं. मार्क माणसाच्या वागण्याचे असणार, गाडीचे कसे असतील? गाडीचं तर कार्डावर लिहिलंय. असा साधा हिशेब करून सावकाशराव म्हणायचे, “दहा.”

सात खेपा, सात दहा. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, आणि त्याला कारण होतं. बायको शाळेत गणित शिकवायची. बावीस वर्षांत तिनं कुणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले नव्हते. उत्तर बरोबर, रीत बरोबर, अक्षर मोत्यासारखं असलं तरी ती समासात काहीतरी शोधून अर्धा मार्क कापायची. “पूर्ण मार्क दिले की पोरं शिकायची थांबतात,” असं तिचं मत.

महिना संपायला चौदा दिवस उरले तेव्हा तिनंच कंपनीच्या मुख्य कचेरीला खणखणीत तक्रार लिहिली. मुद्दे, तारखा, खाली दोन रेघा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ती जेवणाच्या टेबलापाशी ते मोठ्यानं वाचू लागली.

“‘आमच्या नोंदीनुसार आपण सातही वेळा दहापैकी दहा गुण दिले असून...’” बायको थांबली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “‘...असून प्रत्येक वेळी आपली तक्रार समाधानकारकरीत्या आपोआप बंद झालेली आहे. चार किंवा कमी गुण आल्यासच कारखान्यातून इंजिनिअर पाठवण्यात येतो. आमच्या अत्यंत समाधानी ग्राहकांपैकी एक असल्याबद्दल आपले आभार.’”

तिनं कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“अहो, हे काय आहे?”

“तो माणूस फार चांगला आहे गं. दार उघडतो.”

“दार उघडतो? माझ्या वर्गातली पहिली येणारी मुलगी साडेनऊच्या पुढं जावी म्हणून वर्षभर झिजते, आणि तुम्ही या डबड्याला सत्तर मार्क वाटून आलात? तक्रार करायला गेलात, आणि सात वेळा स्वतःच्याच हातानं ती पुसून आलात!”

“मला वाटलं, मार्क त्याच्या वागण्याचे असतील.”

“मग तिसऱ्या गिअरचे कोण देणार होतं? मी?” आणि तिनं त्यांचं खरं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सावकाशराव आठव्यांदा सेंटरला गेले. थंड गाडी, सपाट अंगण, ‘तक्रार आढळली नाही.’ टायवाला त्यांना सोडायला आला, पण या वेळी तो नुसता गोड नव्हता, घाबरलेला होता.

“सर, या महिन्यात माझा एक जरी मार्क कमी आला ना, तर मला पार्टच्या गोदामात टाकतील. तिथं खिडकीसुद्धा नाही सर.”

सावकाशराव गाडीत चढले. त्यांनी गाडी सुरू केली, आणि घरापर्यंतच्या रस्त्यात पहिल्यांदाच एक खड्डा त्यांना दिसला नाही.

या वेळी फोन त्याच संध्याकाळी आला. बायको समोर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं आणि फोनचा स्पीकर लावला.

“सर, आपण किती समाधानी आहात?”

“ताई, माणसाला दहा. गाडीला एक.”

“सर, एकच आकडा घेता येतो.”

“मग मधला काही काढा.”

“साडेपाच होतात,” बायको वहीकडे बघत म्हणाली. “साडेपाचला इंजिनिअर येत नाही.”

“सर?”

सावकाशरावांनी डोळे मिटले. “एक,” ते म्हणाले.

“एक?” पलीकडून पुन्हा विचारलं गेलं. बहुतेक त्या बाईनं असा आकडा कधी ऐकलाच नसावा. “सर, काही विशेष कारण?”

आणि मग बांध फुटला. आठ महिने खाली जाणारा आवाज एकदम वर आला. “कारण? तीन वर्षांची वॉरंटी देता आणि तिसरा गिअर चढापुरतासुद्धा टिकत नाही, हे कारण! रिकामी गाडी रिकाम्या अंगणात फिरवून आढळलं नाही म्हणता! अहो, काच काय मी रिकाम्या गाडीत नेतो? मला माहितीपत्रक देता? त्यातल्या चित्रात तो माणूस गिअर चुकीचा धरतोय! तुमचा सोफा चांगला आहे, कॉफी चांगली आहे, तुमची भिंतीची काच तर फारच चांगली आहे. कशी पोचली असेल ती तिथं? तुमच्या गाडीतून नक्कीच नाही!”

अकरा मिनिटं ते बोलत होते. बायकोनं त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला, पण मध्ये एक शब्द टाकला नाही.

“सर,” ती मंजुळ बाई शेवटी चाचरत म्हणाली, “मला इथं एकाच ओळीची जागा आहे. ‘तिसरा गिअर निसटतो’ असं लिहू?”

“लिहा! आठ महिने तेवढंच तर म्हणतोय!”

पाचव्या दिवशी कारखान्यातून इंजिनिअर आली. पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. टाय नाही, माहितीपत्रक नाही, हातात एक लहान पिशवी.

“भरलेली गाडी कुठंय?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकून सावकाशरावांना गहिवरून आलं. पण भरायचं काय? चांगल्या काचा घालून गिअर उडवून दाखवायचा, म्हणजे दुखणं दाखवायला पाय मोडून घेण्यासारखं. ते इंजिनिअरबाईंना घेऊन मालकांकडे गेले. मालकांनी मागच्या शेडकडे बोट दाखवलं. तिथं फुटक्या काचांच्या गोण्या रचल्या होत्या.

“घेऊन जा. निम्म्या तुमच्याच कर्तृत्वाच्या आहेत.”

गोण्या चढल्या. बाई स्वतः चालवायला बसल्या, सावकाशराव शेजारी. गाडी तापेपर्यंत त्या गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरल्या आणि मग पुलाचा चढ घेतला. सावकाशरावांचा हात सवयीनं दांडी दाबून धरायला पुढं गेला.

“हात काढा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अर्ध्या चढावर खट्ट! दांडी मध्ये आली, इंजिन ओरडलं, मागं गोण्या खुळखुळल्या.

“अरेच्चा!” इंजिनिअरबाई म्हणाल्या.

“उडाला ना?” सावकाशराव जवळजवळ ओरडलेच. “उडाला! तुम्ही पाहिलात!” आपल्याच गाडीचा गिअर उडाला म्हणून एवढा हरखलेला माणूस त्या पुलानं आजवर पाहिला नसेल. बाईंनी गाडी वळवून तोच चढ आणखी दोनदा घेतला. दोन्ही वेळा गिअर इमानदारीत उडाला. तिथंच गाडी कडेला घेऊन त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि लिहिलं: ‘तक्रार खरी. गिअरबॉक्स बदलावा.’

सावकाशरावांनी तो कागद दोनदा वाचला. मग विचारलं, “कारखान्यातून यायला किती दिवस लागतील? चारच उरलेत.”

“गोदामात विचारा आधी,” बाई म्हणाल्या.

सेंटरचं गोदाम सोफ्याच्या मागच्या भिंतीपलीकडेच होतं. खरंच खिडकी नव्हती. एका ट्यूबलाइटखाली, टाय काढून, बाह्या दुमडून बसला होता टायवाला. सावकाशरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझ्यामुळं...” ते पुटपुटले.

“असू द्या हो,” तो म्हणाला. ‘सर’ म्हणाला नाही. कागद बघितला, उठला आणि मागच्या रांगेतून एक लाकडी खोकं ढकलत पुढं घेऊन आला. वर बोटभर धूळ.

“हा काय. तुमच्याच मॉडेलचा.”

“एवढ्यात आला?”

टायवाल्यानं खोक्यावरची चिठ्ठी पुसली आणि तारीख वाचली. “आठ महिन्यांपूर्वी आलाय,” तो म्हणाला. “याच दोषासाठी कारखान्यानं आधीच पाठवून ठेवलेला. कुणी मागितलाच नाही. मागायला तक्रार उघडी लागते ना.”

सावकाशरावांनी भिंतीकडं पाहिलं. तिच्यापलीकडं सोफा होता. त्यावर बसून त्यांनी सात खेपा कॉफी प्यायली होती. इथून मोजली असती तर दहा पावलंसुद्धा भरली नसती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं निम्मं स्वतःलाच बोलावं लागलं असतं.

त्यांनी खिशातून काच पुसायचं फडकं काढलं, खोक्यावरची धूळ झटकली आणि एका बाजूला हात घातला.

“धरा तिकडून,” ते म्हणाले. “आणि जरा हळू.”