डावी बाजू

निघायच्या आदल्या दिवशी मी बायकोशी भांडलो. तिनं एवढंच विचारलं होतं, "डोळ्यात कसलं औषध घालताय?" धूळ जाते म्हणून, असं मी म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं तसा मी ताट सरकवून उठलो. खोटं बोलायची वेळ आली की मला आधी राग येतो. शाळेत इतकी वर्षं मुलांना मीच सांगत आलोय की जो उगीच चिडतो, त्याच्या दप्तरात काहीतरी लपवलेलं असतं. माझ्या दप्तरात काय होतं ते आताच सांगून टाकतो. मला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेली आहे, आणि बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "सर, गाडी बंद करा. उद्यापासून नव्हे, आजपासून."

त्यांनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं होतं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं मी सगळे दाबले. कागद बाहेर आला तर त्यावर डावीकडं भला मोठा काळा डाग. बाई म्हणाल्या, "तिथं काळं दिसेल असं समजू नका. तिथं काहीच दिसणार नाही, आणि दिसत नाही हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही. माणूस पुढ्यात आल्यावर कळेल." मी "बरं" म्हटलं, खाली आलो, गाडीला किक मारली आणि घरी गेलो.

त्याच सुमारास लायसनची मुदत संपत होती आणि आमच्या वयाला डॉक्टरची सही लागते. आम्हा सीमेवरच्या माणसांना एक खोड आहे. अलीकडं कुणी कन्नडमध्ये 'इल्ला', म्हणजे नाही, म्हटलं की पलीकडं जाऊन विचारायचं. रेशनकार्ड असो, पोरांचं ॲडमिशन असो, नाहीतर ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे असो. दोन्हीकडं कुणी ना कुणी आपलं असतंच. माझी आक्का कागलच्या बाजूला दिली आहे आणि तिच्या पत्त्यावर माझे कागद पूर्वीपासून आहेत. तिच्या गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं मला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. तक्ता समोरच होता, मी घडाघडा वाचला, त्यानं सही केली. परत येताना सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला तेव्हा मी चक्क शीळ घालत होतो. कसली मर्दुमकी केली होती कुणास ठाऊक!

आता मित्राबद्दल. तो बेळगावच्या कोर्टात वकील आहे. आम्ही एका बाकावर शिकलो. कोर्टात वाघ, पण गिअरच्या गाडीला भितो. आजवर बिनगिअरच्या स्कूटरपलीकडं गेला नाही. दर वर्षी थंडीत आम्ही तीन-चार दिवस भटकतो. गाडी माझी, चालवणार मी, आणि तो मागं बसून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणार. "तुझ्या मागं बसलं की मला झोप येती बघ," असं तो चारचौघांत सांगतो. ह्या वर्षी मी नाही म्हणणार होतो. कारण काय सांगू, ह्यावर आठवडाभर डोकं खाजवलं आणि शेवटी टाकीच फुल्ल केली.

पहिल्या दिवशी पिरनवाडी सुटायच्या आतच झालं. डावीकडच्या गल्लीतून एक रिक्षा आली म्हणे. मला ती अंगावर आल्यावर दिसली. ब्रेक लावला, मित्राचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. "काय रं, झोप लागली का तुला?" तो हसत होता. मी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये दोन शिव्या हासडल्या. त्यानं हॉर्न दिला होता, दोनदा. तो मी ऐकलाही होता.

जांबोटीच्या पुढं रान सुरू झालं. चोर्ल्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले होते, आणि मित्र मागून वेड्यासारखा ओरडत होता, "आहाहा, डावीकडं बघ, डावीकडं! काय दरी हाय!" मी मान वळवली की दरी दिसायची, मान सरळ केली की गायब. नुसती गायब नाही, तिथं जणू कधी काही नव्हतंच. कठडा कुठं संपतो ते मला कळत नव्हतं. मी गाडी रस्त्याच्या मधोमध धरली. समोरून येणारे ट्रकवाले दिवे मारत होते. "अरे बाजूनं घे की, वरात हाय व्हय ही?" मित्र म्हणाला. "तुला चालवायचीय का?" मी खेकसलो. त्यानंतर उतार संपेपर्यंत त्यानं मला एकही दरी दाखवली नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून आंबोली चढलो. वर चहाला थांबलो तेव्हा माझ्या डाव्या हाताशी ठेवलेला त्याचा ग्लास मी कोपरानं उडवला. चहा त्याच्या मांडीवर. "आयला, तुझं लक्ष कुठाय?" म्हणत तो रुमालानं पॅन्ट पुसत बसला. आजऱ्याच्या अलीकडं एक म्हैस डावीकडून आली. तिची शिंगं हँडलला घासून गेली. ह्या वेळी तो हसला नाही. "बरं वाटत न्हाय का तुला? बीपी तपासूया का?" मी म्हटलं, झोप झाली नाही. त्यावर त्यानं काय करावं? कोल्हापुरात लॉजवर मला कॉट दिली आणि स्वतः जमिनीवर गादी घातली. मी आडवा पडून ठरवत राहिलो, सकाळी सांगायचं. उद्या फक्त सपाट रस्ता आहे, घरी पोचल्यावर सांगू. बेळगावात पोचलो की गाडी विकूनच टाकू. असं ठरवायला मला फार आवडतं.

तिसऱ्या दिवशी कागल गेलं, कोगनोळीचा नाका गेला. हायवेला गाड्या भन्नाट, म्हणून निपाणीच्या अलीकडं मी आतला रस्ता धरला. आत धोका कमी, असा माझा हिशेब. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, तोडणी चालू, रस्त्यावर पाचटाचा थर. ऊन छान होतं. मित्राची कळी पुन्हा खुलली होती. संकेश्वरला थांबून कुठली भजी खायची ते तो सांगत होता.

मला काहीही दिसलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. रस्ता मोकळा होता, आणि पुढच्या क्षणी हँडलला हिसका बसला, हिरवं काहीतरी तोंडावर आलं आणि आम्ही दोघं पाचटात पडलो.

उठून बघतो तर एक बाई रस्त्यावर बसलेली. डोक्यावरचा वाड्याचा भारा, म्हणजे गुरांसाठी नेतात तो उसाचा शेंडा, सगळीकडं विखुरलेला. ती डाव्या हाताच्या पाणंदीतून, उसातल्या वाटेनं, येत होती. तिचा उजवा हात मनगटापाशी वाकडा झाला होता. ती रडत नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं पदर सावरला आणि मला म्हणाली, "माझंच चुकलं, आण्णा. भारा हुता डोक्यावर, मला दिसलंच न्हाय."

तोडणीवरची माणसं धावत आली. तिचा सासरा आला आणि तो तिच्यावरच ओरडला, "सतरांदा सांगितलंय, बघून चालत जा!" मित्राचं कोपर रक्तानं भरलं होतं, तरी तो पुढं झाला. त्याचा कोर्टातला आवाज लागला. "हे बघा, मी वकील हाय. मी मागंच बसलोतो, सगळं डोळ्यांनी बघितलंय. ह्यांचा स्पीड तीसच्या वर नव्हता. तीस वर्षं मी ह्यांच्या मागं बसतोय, एक ओरखडा न्हाय कधी. बाई एकदम आडव्या आल्या." मग माझ्या कानाशी, "तू तोंड उघडू नको. मी बघतो."

सगळे माना डोलवत होते. बाईसुद्धा डोलवत होती. मी गप्प राहिलो असतो तर विषय तिथंच मिटला असता, आणि हे लिहिताना लाज वाटते, पण मी थोडा वेळ गप्प राहिलोच. मग ती बाई एका हातानं वाडं गोळा करायला लागली.

"तिचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मला डावीकडचं दिसत नाही. डॉक्टरनं गाडी चालवू नको म्हणून सांगितलंय."

कुणी मारलं नाही मला. सासऱ्यानं फक्त माझ्या डोळ्यांकडं निरखून बघितलं. टेम्पो आला, बाईला घेऊन आम्ही सगळे निपाणीच्या दवाखान्यात गेलो. मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं कसं झालं ते विचारलं, मी पुन्हा सगळं सांगितलं आणि लिहून घ्या म्हटलं. मित्र दाराशी उभा होता.

बाहेर आलो तेव्हा त्यानं विचारलं, "कधीपासनं?"

"दीड वर्ष झालं."

मला वाटलं, घाटाबद्दल बोलेल. तो म्हणाला, "मार्चात माझ्या पोरीला बारावीच्या पेपरला तू सोडत हुतास."

"व्हय."

"सगळे पेपर. मीच म्हटलो तुला, माझ्यापेक्षा तू बरा चालवतोस."

"व्हय."

"तवा पण?"

"तवा पण."

त्यानं शिवी द्यावी म्हणून मी वाट बघत होतो. एक कानाखाली ठेवून दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. त्यानं खिशातून फोन काढला, दोनदा नंबर चुकला. मग लागला.

"जेवलीस का गं?" तो म्हणाला. तिकडून ती बरंच काहीतरी सांगत होती. तो डोळे मिटून ऐकत होता.

"न्हाय गं," तो शेवटी म्हणाला, "काका न्हाय. मी एकटाच येतोय, बसनं."