माझ्या हातून

कलिंगड्यानं दुखापत लपवली नव्हती. त्यानं ती मला सांगितली होती. सामन्याच्या आदल्या दिवशी, सराव संपल्यावर, उजवं मनगट डाव्या हातात धरून, स्वच्छ शब्दांत. एवढी साधी गोष्ट मी सहा वर्षांत कोणालाही बोललेलो नाही. बायकोला नाही, क्लबमध्ये नाही, त्याच्या वडिलांना तर नाहीच. पुण्यात फुटबॉल बघणारी जी काही मोजकी डोकी आहेत, त्यांच्यात आजही बोललं जातं, की पोरगं गुणी होतं पण लबाड निघालं, दुखणं दडवून खेळलं आणि क्लबला खड्ड्यात घालून गेलं. असं कोणी बोललं की मी कपातल्या चहाकडे बघत बसतो. लबाड कोण होतं ते मला ठाऊक आहे.

तो बॉल पकडायचा तेव्हा आवाज यायचा नाही. मी क्लबचा गोलकीपर-कोच. त्याआधी आयुष्यभर स्वतः गोलात उभा राहिलेला. ग्लोव्हवर बॉल आदळल्याचा आवाज माझ्या कानात कायमचा बसलाय. या पोराच्या बाबतीत तो नाहीच. बॉल यायचा, हात त्याच्याबरोबर थोडे मागे जायचे, कोपर दुमडायचं आणि बॉल पोटाशी. मुठीनं बॉल उडवून लावणं त्याला माहीतच नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "कुणाकडे शिकलास रे?"

"मार्केट यार्डात, सर."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण वडील खरंच यार्डात हमाल होते, लातूरकडून आलेले. उन्हाळ्यात कलिंगडांचे ट्रक लागले की हमालांची ओळ उभी राहते आणि ट्रकातून गाळ्यापर्यंत कलिंगडं हातोहात फेकत नेतात. शाळेच्या सुट्टीत हाही त्या ओळीत असायचा. "हात ताठ ठेवला की फळ फुटतंय, सर. त्याच्यासंगं मागं जायचं, मग ते आपलं ऐकतं." हेच शिकायला मी पंधरा दिवसांचा कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र धायरीच्या घरात फ्रेम करून लावलं होतं.

संघातल्या पोरांनी त्याचं नाव कलिंगड्या ठेवलं. त्याला राग यायचा नाही. उलट मैदानाबाहेरून कोणी "ओ कलिंगड, गोड आहे का?" असं ओरडलं, तर तो हातातल्या बॉलवर टिचकी मारून कान लावायचा आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचा. "कच्चंय अजून."

त्या ओळीची एक रीत होती. फळ पडून फुटलं की सगळी ओळ जागेवर थांबते. कोणी शिव्या देत नाही, कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. ज्याच्या हातून पडलं त्यानं हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझ्या हातून." मग ओळ पुन्हा सुरू.

"आणि नाहीच कोणी बोललं तर?" मी विचारलं होतं.

"तर उभं राहायचं. ट्रक उभा, माणसं उभी, ऊन डोक्यावर. किती वेळ गप बसतंय माणूस?"

ही रीत त्यानं मैदानावर आणली. गोल झाला की हात वर, "माझ्या हातून." बचावातले चौघेही झोपलेले असले तरी तेच. मी वैतागायचो. "अरे, त्यात तुझी काय चूक?" तर म्हणायचा, "शेवटचा हात माझा होता ना सर." आमचा नागपूरचा उंच बचावपटू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "भाऊ, तू असाच बोलत राहा, आमचं सगळ्यांचं करिअर मस्त निघून जाईल." आम्ही सगळे हसलो होतो. मी जरा जास्तच.

एकोणिसाव्या वर्षी त्याचा करार झाला, व्यावसायिक खेळाडू म्हणून. वडील धुतलेला सदरा घालून आले आणि ऑफिसच्या काचेच्या दाराबाहेर चपला काढून आत शिरले. मॅनेजरनं, "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हटलं, पण त्यांनी चपला पुन्हा घालेपर्यंत थांबायला मॅनेजरला वेळ नव्हता. इंग्रजी कागदांचा गठ्ठा होता. कोणी वाचून दाखवला नाही. त्यात एक कलम होतं, की खेळाडूनं दुखापत लपवली तर करार रद्द आणि उपचाराची जबाबदारी क्लबवर नाही. मला ते कलम माहीत होतं. साक्षीदार म्हणून खाली माझीच सही आहे. वडिलांनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "सर, पोराचं नीट होईल ना?" मी म्हटलं, "मी आहे ना."

दोन हंगाम तो असा खेळला की मोठ्या लीगमधल्या एका संघाची माणसं त्याला बघायला येणार असल्याची बातमी आली. उपांत्य सामना होता. आता खरं सांगतो. त्या माणसांनी माझ्याशीही बोलणं केलं होतं. पोरगा चमकला तर त्यांच्या अकादमीत कोचची जागा मला मिळणार होती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी जे केलं ते त्याच्या भल्यासाठी केलं. ते खोटं आहे.

आदल्या दिवशी सरावात तो हातावर पडला. सगळे गेल्यावर माझ्याकडे आला.

"सर, हात गेलाय बहुतेक."

"कुठं?"

"हितं, अंगठ्याखाली. दाबलं की डोळ्यांपुढं अंधारी येतीय. डॉक्टरला दाखवू का?"

दुसरा गोलकीपर डेंग्यूनं अंथरुणात होता. मी मनगट हातात घेतलं. सुजायला लागलं होतं. माझी तीस वर्षं या धंद्यात गेलीत. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. म्हटलं, "टेप लावतो. उद्या खेळ, परवा दाखवू. आणि कोणाला बोलू नकोस. मॅनेजर उगाच घाबरतील."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय ना सर?"

"मी म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी टेप मीच गुंडाळली, ग्लोव्हच्या आत दिसू नये अशी. त्यानं ऐंशी मिनिटं त्या हातावर काढली. मग एक साधा, उंच, कुठल्याही शाळेतल्या पोरानं घ्यावा असा बॉल आला. हात मागे गेले, नेहमीसारखे, पण उजवा हात बंदच झाला नाही. बॉल निसटून आत. त्यानं हात वर केला. डावा. उजवा वर जात नव्हता.

हॉस्पिटलात मनगटातलं एक लहानसं हाड दुभंगलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, कधी लागलं. त्यानं खरं ते सांगितलं, कारण डॉक्टरांना काय सांगायचं ते मी शिकवलं नव्हतं. कागदावर तारीख आली आणि तो कागद क्लबकडे गेला.

मग ती बैठक. एसी इतका गार की त्याच्या प्लास्टरातून बाहेर आलेल्या बोटांची नखं निळी पडली होती. सामना हरल्याचं खापर फोडायला क्लबच्या मालकांना एक डोकं हवं होतं आणि सगळ्यांत स्वस्त डोकं समोर बसलेलं होतं. मॅनेजरनं त्याला विचारलं, "दुखापतीबद्दल क्लबमधल्या कोणाला सांगितलं होतंस?" तो माझ्याकडे बघत राहिला. मॅनेजर माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

खोलीत कोणी हललं नाही. तो माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, वाट बघितल्यासारखा. किती वेळ गप बसतंय माणूस, असं त्यानंच मला विचारलं होतं. मी बसलो. शेवटी त्यानं डावा हात वर केला.

"माझ्या हातून झालं."

मॅनेजरनं फाइल मिटली. उपचार थांबले, पुढचं ऑपरेशन झालं नाही, हाड वाकडं जुळलं. चौकातल्या फ्लेक्सवरचा त्याचा फोटो त्याच आठवड्यात उतरला आणि त्या चौकटीत कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस झळकला. एकवीस वर्षांच्या पोराला ही माणसं व्यावसायिक म्हणतात आणि हाड मोडल्यावर कलम दाखवतात! खेळाडूनं लपवलं तर काय, हे त्या गठ्ठ्यात छापलेलं आहे. कोचनं लपवायला लावलं तर काय, यावर एक ओळ नाही. मालकांचा मला संताप येतो, मॅनेजरचा येतो, चहाच्या टपरीवर त्याला लबाड म्हणणाऱ्यांचा येतो. पण त्यांच्यापैकी कोणालाही खरं माहीत नव्हतं. मला होतं. आणि त्याची ती ऐंशी मिनिटं बघून त्या माणसांनी देऊ केलेली अकादमीतली नोकरी मी घेतली. चांगली चार वर्षं केली.

गेल्या उन्हाळ्यात मी यार्डात गेलो. सहज गेलो असं बायकोला सांगितलं. सकाळी दहाचं ऊन, कलिंगडांचा ट्रक, ओळ. वडिलांच्या जागी तो उभा होता. उजवं मनगट वळत नाही, म्हणून फळ डाव्या हातावर आणि पोटावर घ्यायचा. तरी आवाज नव्हता. मला बघून म्हणाला, "या सर. पण हितं हात रिकामे ठेवून उभं राहता येत नाही." आणि शेजारच्याला सरकवून मला ओळीत घेतलं.

चार-पाच घेतली मी. सहावं माझ्या ताठ हातांवर आदळलं आणि खाली पडून फुटलं.

ओळ थांबली. ट्रकावरचा माणूस फळ छातीशी धरून उभा. मी सवयीनं कलिंगड्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खालीच होते. या वेळी तो हात वर करणार नव्हता. फुटलेल्या फळाचं लाल पाणी माझ्या बुटांखालून वाहत गेलं. मग मी हात वर केला.

"माझ्या हातून."

"हां," तो म्हणाला. "एवढंच असतंय, सर. घ्या पुढचं." आणि ओळ चालू झाली.

ते कलिंगडाचं झालं. क्लबचं ऑफिस अजून तिथंच आहे, मॅनेजरही तेच आहेत. त्या खोलीत मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर 'हो' होतं. ते 'हो' मी त्याला देणं लागतो. त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, त्याच्या वडिलांना शेजारी बसवून. हे लिहिल्यानं ते फिटलेलं नाही.